लिव्हर कडक झाला, गाडी मात्र थांबेना

पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटला दोन स्क्रू होते आणि त्यातला डावा गंजलेला होता. एवढं बारीक दिसलं म्हणजे मी किती जवळ जाऊन थांबलो असेन ते समजून घ्या. स्पीड फार नव्हता, चाळीसच्या आसपास, रस्ता कोरडा, समोरचा पण काही अचानक थांबला नव्हता, मी चारही बोटांनी लिव्हर आवळलेला, मागचा पेडल पाय ताठ होईपर्यंत दाबलेला, आणि गाडी आपली आरामात पुढे चाललेली. थांबली एकदाची. पण त्या दोन सेकंदात मी ठरवलं की आता ब्रेकचं काहीतरी करायचंच.

गाडी म्हणजे साधी रोजच्या वापराची मोटरसायकल आहे, पुढे २४० मिमीची डिस्क, दोन पिस्टनचा फ्लोटिंग कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड), मागे १३० मिमीचा ड्रम. वय झालंय. मला आधी वाटायचं की कंपनीनेच ब्रेक असे मिळमिळीत दिलेत, या गाडीचे ब्रेक असेच. आणि असं एकदा डोक्यात बसलं की माणूस दुरुस्ती करत नाही, अपग्रेड शोधायला लागतो. मी पण तेच केलं. मोठी डिस्क, चार पिस्टनचा कॅलिपर, रेडियल मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी असतो तो, ब्रेक ऑइलवर दाब आणणारा पंप), सगळं बघून झालं, त्या सगळ्याची बेरीज केली आणि गपचूप बंद केलं. गाडीची आत्ताची किंमत आणि त्या सामानाची किंमत यात फार फरक उरला नव्हता.

मग एक स्वस्तातला उपाय म्हणून मित्राने सुचवलं की रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचा पाइप टाक. तर्क बरोबर होता. जुना रबरी पाइप दाबाखाली थोडा फुगतो, आपण लिव्हर दाबतो त्यातला काही भाग पाइप फुगवण्यातच जातो, स्टीलच्या जाळीच्या पाइपमध्ये आत टेफ्लॉनची नळी असते ती जवळजवळ फुगत नाही. माझा लिव्हर मऊ होताच, अगदी मुठीपर्यंत यायचा. मागवला पाइप, मापाचा, पाइपच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला नवीन तांब्याचे वॉशर घेतले (हे जुने परत वापरू नका, ते एकदा दबून सील होतात, दुसऱ्यांदा झिरपू शकतात), बसवला, एअर काढली, आणि लिव्हर काय मस्त कडक झाला! अर्ध्यातच दगडासारखा अडतोय. मी खुश. चक्कर मारायला निघालो आणि पहिल्याच वळणाआधी कळलं की गाडी थांबते तशीच, आधीसारखीच. फक्त आता बोटांना त्रास जास्त.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. दोन वेगवेगळी दुखणी होती आणि मी त्यांना एकच समजत होतो. लिव्हर मऊ लागणं हे एक दुखणं, ते पाइप, ब्रेक ऑइल, एअर आणि लिव्हरचा झिजलेला बोल्ट यांच्याकडे जातं. आणि लिव्हर कितीही दाबला तरी गाडी न थांबणं हे दुसरं, ते पॅड, डिस्क, कॅलिपरच्या पिन आणि पिस्टन यांच्याकडे जातं. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं की लिव्हर छान होतो, गाडी ढिम्म.

आता आपल्याला फरक पडतोय की नाही हे नुसतं वाटण्यावर सोडायचं नाही असं ठरवलं, कारण पैसे खर्च केले की माणसाला फरक वाटतोच. एक रिकामा, सपाट, कोरडा रस्ता, जिथे मागेपुढे कोणी नाही, कडेला एक खूण. मीटरवर पन्नास धरून खुणेपाशी आलं की दोन्ही ब्रेक, आणि थांबल्यावर उतरून पावलं मोजायची. माझं पाऊल साधारण पाऊण मीटरचं. पाच वेळा केलं, सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट सोडून मधल्या तिन्ही २८ पावलांच्या आसपास. म्हणजे अंदाजे २१ मीटर. मीटर थोडं चुकत असेल, पाऊल पण चुकत असेल, पण दोन्ही दर वेळी सारखंच चुकणार, त्यामुळे आधी आणि नंतरची तुलना चालते. हे २८ वहीत लिहिलं आणि कॅलिपर उघडायला घेतला.

कॅलिपर काढला आणि तिथेच घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. खरं तर एक नाही, तीन चार घोडी होती.

आतल्या बाजूचा पॅड, म्हणजे पिस्टनकडचा, जवळजवळ संपलेला, झीज दाखवणारी खाच पुसत आलेली. बाहेरचा पॅड अजून निम्मा शिल्लक. फ्लोटिंग कॅलिपरची गंमत अशी की पिस्टन एकाच बाजूला असतात, ते आतला पॅड डिस्कवर दाबतात आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनवर सरकून बाहेरचा पॅड ओढून डिस्कला लावतो. पिन सुकल्या, गंजल्या की कॅलिपर सरकतच नाही, मग आतला पॅड एकटाच काम करतो आणि एकटाच झिजतो. माझ्या दोन पिनपैकी एक हाताने फिरत सुद्धा नव्हती. तिच्यावरचं रबर फाटलेलं, आत पाणी गेलेलं, जुनं ग्रीस वाळून चिकट पापुद्रा झालेला. म्हणजे कित्येक महिने मी अर्ध्या ब्रेकवर गाडी चालवत होतो आणि शिव्या कंपनीला घालत होतो.

पिन पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ केल्या, पुसल्या, रबरी बूट नवे टाकले आणि सिलिकॉन ग्रीस लावलं. इथे एक चूक करू नका, चाकाच्या बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस हाताशी असतं म्हणून तेच लावायचा मोह होतो. पेट्रोलियमच्या ग्रीसने ब्रेकमधलं रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा जास्त जाम होते. सिलिकॉनचं, रबराला चालणारंच घ्या, लागतं ते इवलंसं.

मग पिस्टन. पॅड काढून लिव्हर हळू हळू दाबला, पिस्टन बाहेर यायला लागले, पण आला एकच, दुसरा जागचा हलेना. दाब जिकडे सोपं तिकडे जातो. मग आलेल्या पिस्टनपुढे लाकडाचा तुकडा अडकवून परत दाबलं तेव्हा दुसरा कुरकुरत निघाला. पूर्ण बाहेर काढायचे नाहीत हं, नाहीतर सगळं ऑइल खाली आणि काम तिप्पट. जेवढा भाग दिसतोय तेवढा दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढला, मागची बाजू दिसत नाही तिथे ब्रश वाकवून घातला. ब्रेकच्या काळ्या भुकटीचा थर होता नुसता. आणि आपण काय करतो, नवीन पॅड टाकताना तोच घाण पिस्टन तसाच आत ढकलतो, ती घाण जाते सीलमध्ये. ते सील नुसतं ऑइल अडवत नाही, पिस्टन मागे ओढायचं काम पण तेच करतं. त्याचा काटछेद चौकोनी असतो, दाब आला की ते पिस्टनबरोबर थोडं पिळलं जातं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. तिथे कचरा बसला की पिस्टन परत येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, गाडी ढकलताना जड लागते आणि डिस्क तापते. साफ झाल्यावर कोरडं पुसलं, ताज्या ब्रेक ऑइलचं एक बोट फिरवलं आणि अंगठ्याने पिस्टन आत ढकलले. अंगठ्याने गेले! आधी पान्याने रेटावे लागायचे.

ढकलताना एक फजिती झाली. मध्यंतरी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल कमी दिसलं म्हणून मी भरून ठेवलं होतं. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात, त्यांच्या मागे ऑइल जातं, म्हणून वर कमी दिसतं, ते गळतच असतं असं नाही. आता पिस्टन आत गेल्यावर ते सगळं परत वर आलं, टाकी ओसंडली आणि ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीच्या रंगावर. ब्रेक ऑइल रंग खातं. लगेच भरपूर पाणी ओतलं म्हणून वाचलो, तरी एक नखाएवढा डाग राहिलाय. तेव्हापासून मी आधी रंगावर ओलं फडकं पसरतो आणि मगच झाकण उघडतो.

पॅड बघितले तर बाहेरच्या पॅडवर काचेसारखी चमक, आणि आतल्यावर एका कडेला काळपट ओलसरपणा. चमकेचं सोपं आहे, काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवायचा, त्यावर पॅड आठच्या आकारात घासायचा, वरचा जळलेला थर गेला की झालं, मास्क लावून करा एवढंच. ओलसरपणा मात्र वाईट. ते तेल होतं. पॅड सच्छिद्र असतो, तेल आत शोषतो, मग कोणी म्हणतं ज्योतीवर धर, कोणी म्हणतं पाण्यात उकळ, मी दोन्ही करून पाहिलं, थंड असताना बरं वाटतं आणि तापला की आतलं तेल परत वर येतं. पुढच्या ब्रेकवर असले प्रयोग कशाला. फेकून दिले.

पण तेल आलं कुठून? हे न शोधता नवीन पॅड टाकले असते तर महिन्याभरात तीच कथा. कॅलिपरच्या वर बघितलं तर शॉकअपच्या नळीवर तेलाचं बारीक कडं, सील झिरपत होतं आणि ओघळ सरळ कॅलिपरवर. शॉकअप उघडून सील बदलणं म्हणजे मोठं काम, पण त्याआधी एक जवळजवळ फुकटचा उपाय असतो. बऱ्याचदा सील फाटलेलं नसतं, त्याच्या ओठाखाली एखादा वाळूचा कण अडकलेला असतो. धुळीचं वरचं सील स्क्रू ड्रायव्हरने अलगद खाली उतरवलं, प्लॅस्टिकच्या पातळ बाटलीची पट्टी कापली, तिच्या टोकाला हुकासारखी खाच केली, कडा गुळगुळीत केल्या, ती तेलाच्या सीलच्या ओठाखाली सरकवून नळीभोवती गोल फिरवली आणि बाहेर ओढली. काळी रेती निघाली. पुसलं, शॉकअप वीस पंचवीस वेळा दाबला, परत पुसलं. कडं आलं नाही. आज इतके महिने झाले तरी कोरडं आहे. नळीवर गंजाचे खड्डे असते तर हे चाललं नसतं, माझं नशीब.

डिस्क वाकलेली नव्हती, चाक फिरवून कॅलिपरपाशी एक तार धरून बघितलं, अंतर सगळीकडे सारखं. जाडी मोजताना मात्र फसलो असतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, माझ्यावर ३.५ मिमी आहे, व्हर्निअर लावला तर ४ च्या जवळ आला, म्हणलं वा नवीनच आहे. मग लक्षात आलं की डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली कड उभी राहते आणि व्हर्निअरचे ओठ त्या कडेवर टेकतात. दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजलं आणि दोन नाण्यांची जाडी वजा केली तेव्हा खरा आकडा आला, ३.७. चालेल अजून, पण नवीन नक्कीच नाही. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू गोल गोल, सरळ रेघा न पडता घासल्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं काळं यायचं बंद होईपर्यंत पुसल्या. ब्रेक क्लीनरच्या डब्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि काम तेच. त्यानंतर डिस्कला बोट लावायचं नाही.

आता नवीन पॅड, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात पैसा वसूल गोष्ट ही. पॅडच्या लोखंडी पाठीवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात, एफएफ, जीजी, एचएच अशी. पहिलं अक्षर थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच म्हणजे त्याच्याही वर. माझ्या जुन्या पॅडवर एफएफ होतं. समजा ०.४० चा पॅड काढून ०.५० चा लावला तर त्याच बोटांच्या जोरात सव्वापट ब्रेक, ना कॅलिपर बदलला ना डिस्क! किमतीतला फरक किरकोळ. एचएच घेणार होतो पण ते बहुतेक सिंटर्ड असतात, धातूची भुकटी दाबून भाजलेले, आणि ज्या डिस्क त्यासाठी बनलेल्या नाहीत त्या ते लवकर खातात. माझ्या ३.७ च्या डिस्कला ते परवडलं नसतं. मग जीजी.

नवीन पॅड लागले, चाक बसलं, सगळे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला टाईट केले, हात पुसले, गाडी स्टँडवरून काढली, उतारावर दोन पावलं पुढे गेली, लिव्हर दाबला आणि लिव्हर सरळ मुठीला टेकला. काहीच नाही! पिस्टन आत ढकललेले ना, ते पॅडपर्यंत यायला आधी पाच सात वेळा लिव्हर मारावा लागतो. मला हे माहीत होतं. हजारदा वाचलेलं होतं. मागचा ब्रेक होता म्हणून निभावलं, पण त्या दिवसापासून पॅडला हात लावला की चावी लावायच्या आधी लिव्हर मारतो, कडक लागेपर्यंत.

नवीन पॅड लगेच धरत नाहीत, ते डिस्कवर बसवावे लागतात. पन्नासवरून पंधरापर्यंत, मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर जाऊ देऊन, असं वीस पंचवीस वेळा केलं. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून उभं राहायचं नाही, तिथे पॅडचा ठसा उमटतो आणि मग लिव्हर थरथरतो. दोन दिवसांनी त्याच खुणेपाशी गेलो. २२ पावलं. परत केलं, २२. तिसऱ्यांदा २१.

आता ऑइलकडे वळलो. पाइप बसवताना मी फक्त एअर काढण्यापुरतं ऑइल घातलं होतं, खाली कॅलिपरमध्ये जुनंच, गडद तपकिरी. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ब्रेक ऑइलचे प्रकार हवेतलं पाणी शोषतात. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तोच खाली उतरतो, तेव्हाची किमान मर्यादा १५५ आहे. लांब उतारावर ऑइल उकळलं की त्याची वाफ होते, वाफ दबते, लिव्हर मुठीला. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. आणि डॉट ५ हे डॉट ५.१ नाही, नाव फसवं आहे, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. झाकणावर जे लिहिलंय ते आणा, सीलबंद छोटी बाटली आणा, अर्धी उरलेली वर्षभर ठेवून वापरू नका.

ऑइल बदलायला हत्यारं म्हणजे आठचा पाना, पारदर्शक नळी आणि एक बाटली. नळी कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) लावायची, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं, लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा उघडायचा, लिव्हर खाली जातो, निपल बंद, मग लिव्हर सोडायचा. क्रम चुकला की हवा आत. मी क्रम नाही चुकलो, मी वरच्या टाकीकडे बघायला विसरलो. खाली नळीत स्वच्छ ऑइल यायला लागलं म्हणून जोशात दाबत राहिलो, आणि गर्रकन आवाज आला, टाकी रिकामी, मास्टर सिलिंडरने हवा ओढली. त्यानंतर तासभर लिव्हर मारला तरी स्पंजी तो स्पंजीच. शेवटी सिरिंजमध्ये ऑइल भरून खालून निपलमधून हळू हळू वर ढकललं. हवेला वर जायचंच असतं, आपण तिला उगाच खाली ओढत असतो. वर टाकीत बुडबुडे फुटताना बघून जे समाधान वाटलं ते कशातच नाही. उरलेसुरले काढायला हँडल अशा बाजूला वळवलं की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच येईल, पाइपला टिचक्या मारल्या, लिव्हर दाबून मुठीला बांधला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी सोडला तर वर दोन बारीक बुडबुडे आले आणि लिव्हर कडक.

कडक झाला पण ब्रेक चिकटायला लागला. दोन किलोमीटर गेलो की पुढचं चाक जड, डिस्कजवळ हात नेला तर धग. पिन बघितल्या, ठीक. पिस्टन ठीक. मग एका जुन्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला, "अहो, वरच्या टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात, त्यातलं बारकं बघितलंत का?" नव्हतं बघितलं. ते टाचणीच्या टोकापेक्षाही बारीक असतं, लिव्हर सोडल्यावर तापून फुगलेलं ऑइल त्यातून परत टाकीत येतं. जुन्या ऑइलचा गाळ त्यात अडकला की दाब कोंडतो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. गिटारची सगळ्यात बारीक तार घेऊन ते अलगद मोकळं केलं. लिव्हर हळूच हलवला की टाकीत छोटंसं कारंजं उडतं, ते दिसलं म्हणजे भोक उघडं. कारंजं दिसलं.

याच सुमारास मित्राचा दुसरा सल्ला आला की मोठ्या गाडीचा १४ मिमीचा मास्टर सिलिंडर जुना मिळतोय, टाकून दे, ब्रेक डबल होतील. माझा १२.७ चा आहे. आता पाइपवरून शहाणा झालेलो असल्यामुळे आधी गणित केलं. बोटांचा जोर तेवढाच, पिस्टन मोठा, म्हणजे ऑइलमधला दाब कमी. १२.७ चा वर्ग भागिले १४ चा वर्ग, येतात ०.८२. म्हणजे लिव्हर अजून कडक, प्रवास कमी, आणि त्याच जोरात ब्रेक सुमारे १८ टक्के कमी! परत तोच धडा, परत कडक लिव्हर. नम्रपणे नाही म्हणलं. त्याऐवजी लिव्हर बदलला, कारण जुन्याचं बोल्टचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि मास्टरच्या पिस्टनला ढकलणारा कोंब पण घासलेला, पहिला अर्धा इंच प्रवास नुसता वाया जायचा. साधा कंपनीचाच लिव्हर, नवा बोल्ट, थोडं सिलिकॉन ग्रीस.

मागचा ड्रम मी शेवटी धरला कारण थांबवायचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, वजन पुढे येतं ना. पण उघडल्यावर बरंच निघालं. लायनर (ड्रमला आतून घासून थांबवणारे तुकडे) अजून जाड, पण काचेसारखे चमकणारे. ते पॉलिश पेपरने घासले, ड्रमचा आतला भाग पण घासला, भुकटी ओल्या फडक्याने टिपली, फुंकर किंवा हवेचा प्रेशर मारायचा नाही, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमवर कमाल व्यास १३१ लिहिलेला, आत तितका झालेला नव्हता. लायनर ढकलणारा कॅम सुकून गंजला होता, तो काढून साफ केला, त्याच्या दांड्याला अगदी थोडं, तापमान सहन करणारं ग्रीस लावलं. थोडं म्हणजे खरंच थोडं, जास्तीचं वितळून लायनरवर जातं. आणि बाहेरचा आर्म, म्हणजे तो कॅम फिरवणारा दांडा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना पेडलकडून येणारा रॉड आणि आर्म यांच्यात जवळजवळ काटकोन हवा, तिथे जोर सगळ्यात जास्त मिळतो. माझ्याकडे नट आवळत आवळत तो आर्म काटकोन ओलांडून पार पुढे गेला होता, पाय कितीही दाबा, जोर वाया. आर्म काढून दातांवर एक घर मागे बसवला. इथे एक सावधगिरी, लायनर संपलेले असताना ही युक्ती करू नका, झीज दाखवणारा काटा आधी बघा, नाहीतर संपलेला ब्रेक चांगला असल्याचं नाटक होतं आणि कॅम आत पलटी खाऊन चाक जाम होऊ शकतं.

ड्रम परत बसवताना एक छोटी गोष्ट केली जी मला फार आवडते. अॅक्सलचा नट ढिला ठेवायचा, चाक फिरवायचं, फिरतानाच पेडल जोरात दाबून धरायचा आणि तसाच धरून नट टाईट करायचा. लायनर ड्रममध्ये आपोआप मधोमध बसतात. खर्च शून्य, पेडल लगेच घट्ट लागतो. टॉर्क रॉडच्या (ड्रमची झाकणी फिरू न देणारा दांडा) नटाची पिन परत टाकायला मात्र विसरू नका.

पुन्हा खुणेपाशी. पन्नास, दोन्ही ब्रेक, पावलं. २० आणि एकदा १९. म्हणजे २१ मीटरवरून १५ मीटर, आणि आता दोन बोटांत. या सगळ्यात सगळ्यात महाग वस्तू होती तो स्टीलच्या जाळीचा पाइप, आणि पावलांमध्ये त्याचा हिस्सा शून्य. लिव्हरची नेमकी जाणीव त्याने सुधारली हे खरं, ओल्या रस्त्यावर ते कामाला येतं, पण आज परत करायचं झालं तर तो मी शेवटी टाकेन.

ओल्या रस्त्यावरून आठवलं. मागच्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता, दोन बोटं लावली आणि पुढचं चाक क्षणभर सरकलं. आधी असं कधी झालं नव्हतं, कारण आधी ब्रेकमध्ये चाक सरकवायची ताकदच नव्हती. घरी येऊन टायरच्या कडेवरचे चार आकडे बघितले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नख रुतवून बघितलं, रुतत नाही, रबर लाकडासारखं झालंय. हवा बरोबर आहे, नक्षी पण शिल्लक आहे, म्हणून इतके दिवस तिकडे लक्षच गेलं नव्हतं. सध्या पावसात जपून चालवतोय आणि वहीत २० च्या खाली "पुढचा टायर" असं लिहून ठेवलंय.